चादरीमागचा समुद्र

"शी! खारट!" टूवाने तोंडातली काळी वडी गवतावर थुंकली आणि भोकाड पसरलं.

पेर्निलाने लेकीच्या हातातली पुडी ओढून घेतली. बाकी पोरांच्या पुड्यांत जेलीचे लाल-हिरवे मासे, आणि हिच्या पुडीत गच्च भरलेल्या ज्येष्ठमधाच्या खारट वड्या. "पाच वर्षांच्या पोरीला हे देतात? अक्कल गहाण ठेवलीय की काय कुणी!" ती मोठ्याने म्हणाली. रांगेतले आईबाप आपापल्या बुटांकडे बघू लागले.

बागेत बालदिन होता. दोन बर्च झाडांमध्ये निळी चादर बांधली होती आणि तिच्यावर लाटा रंगवल्या होत्या. पोरांनी गळासारख्या काठीची दोरी चादरीवरून पलीकडे टाकायची. पलीकडे बसलेला माणूस दोरीच्या चिमट्याला खाऊची पुडी लावतो, हिसका देतो, की पोरं ओढतात. अलीकडे वस्तीच्या मंडळातली गुनिल्ला उभी होती. ती प्रत्येकाचं नाव आणि वय ओरडून सांगायची, म्हणजे पलीकडच्याला कुठली पुडी लावायची ते कळतं. नियम एकच, चादरीमागे डोकावायचं नाही. मागे समुद्र असतो.

आणि नुसत्या वड्याच नाहीत. बाकीच्यांच्या पुड्या झटपट वर येत होत्या, टूवाची दोरी मात्र मागच्याने सोडलीच नव्हती. हिसका दे, ढील दे, पुन्हा हिसका दे. टूवा खिदळत होती आणि मागची रांग खोळंबली होती. आमच्या गोटेनबर्गात रांगेतला माणूस ओरडत नाही, नुसता घसा खाकरतो. पण त्या खाकरण्यात सगळ्या शिव्या असतात.

पेर्निलाला हा खेळच डोळ्यांसमोर नको असायचा. तिच्या सातव्या वाढदिवसाला घरात अशीच चादर लावली होती आणि मागे तिचा बाप, रुने, बसला होता. मैत्रिणींना पुड्या मिळाल्या. शेवटी वाढदिवसाच्या मुलीने दोरी टाकली. हिसका आलाच नाही. हात भरून आला तरी ती काठी धरून उभी राहिली. मैत्रिणी फिदीफिदी हसायला लागल्या, तेव्हा आईने चादर बाजूला केली. खुर्ची रिकामी होती, स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. खाली एक बाई गाडीत वाट बघत होती म्हणे. रुने तिच्याबरोबर मालमो शहरात गेला तो गेलाच. पुढे दर नाताळला त्याचा फोन यायचा आणि पेर्निला तो कट करायची. गेल्या वर्षी तो एकटाच गावात परत आला. "एकदा नातीला भेटू दे," म्हणाला. "या जन्मात नाही," तिने सांगून टाकलं होतं.

"बघतेच मी, कोण बसलाय तो दीडशहाणा," म्हणत ती तरातरा चादरीकडे निघाली.

"अगं, मागे जायचं नाही! मुलं बघतायत!" गुनिल्ला कळवळली.

"बघू देत!"

मागे उलट्या क्रेटवर एक पांढऱ्या केसांचा म्हातारा बसला होता. मांडीवर पुड्यांची टोपली. रेनकोटच्या दोन्ही खिशांतून काळ्या वड्यांच्या पुड्या डोकावत होत्या. रुने.

पलीकडे पोरं होती म्हणून पेर्निला दातओठ खात कुजबुजली. "लाज नाही वाटत? चोरासारखा चादरीआडून?"

"समोरून तू येऊ देत नाहीस." तो अर्धवट उठला, पुन्हा बसला. "पोरीला काय आवडतं मला ठाऊक नाही. तुला हे आवडायचं. म्हणून तेच आणलं."

"माझं काय ते तू सांगू नकोस. मी दोरी टाकून उभी होते, पप्पा! एवढंही कळलं नाही तुला?"

"कळलं होतं. जिना उतरतानाच कळलं."

"मग वर का नाही आलास?"

तेवढ्यात दोघांच्या मधे वरून एक चिमटा येऊन लोंबकळला. "आक्सेल, चार वर्षांचा!" पलीकडून गुनिल्ला ओरडली. रुनेचा हात पुडीकडे गेला आणि तिथेच थांबला. तो लेकीकडे बघत राहिला.

"लाव ना!" ती फिसकारली. "त्या पोराला कशाला ताटकळत ठेवतोस?"

त्याने पुडी लावली, हिसका दिला. पलीकडे आक्सेलने आरोळी ठोकली.

"मी जाऊ का?" रुनेने विचारलं.

"जा की! तेवढंच तर येतं तुला."

ती बाहेर आली. रागाने तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. टूवाला बागेच्या तळ्यातले सील प्राणी बघायचे होते. पेर्निलाने तिचा हात धरला, दोन पावलं टाकली, थांबली आणि जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली.

"मम्मा, माझं झालंय."

"माझं राहिलंय."

पुढच्या पोरांच्या पुड्या एकेक करून वर येत होत्या. पण मागे अजून रुनेच बसलाय की दुसरं कुणी, ते अलीकडून कळायला मार्ग नव्हता. तिचा नंबर आला तसा गुनिल्लाचा चेहरा पडला.

"अगं, हे लहान मुलांसाठी आहे."

"नाव पेर्निला."

"बरं बाई. आणि वय?"

पेर्निलाने चादरीकडे तोंड केलं आणि पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सात."

गुनिल्लाने मुकाट्याने काठी दिली. दोरी चादरीवरून पलीकडे पडली. काहीच झालं नाही. वाऱ्याने लाटा हलल्या. तरीही काही नाही. पेर्निलाने काठी आणखी घट्ट धरली.

मग हिसका बसला. एक. मग दुसरा. मग ढील, पुन्हा हिसका. मागे रांग घसा खाकरत राहिली, पण पलीकडच्याने दोरी काही सोडली नाही.