पिवळं निशाण

सरजाबाईंच्या पत्राला नरसिंगरावांनी नऊ वर्षं उत्तर दिलं नव्हतं. चाकूरहून म्हातारीनं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, “मालकाची स्पोर्ट्स कार पळवताना घाटाच्या शर्यतीत माझं लेकरू गेलं. लई बेफाम हाकली म्हणतेत. ते गेलं त्याच वळणावर तुम्ही होता. खरं काय हाय?” आता शर्यतीचा इतिहास लिहायचं काम निवृत्त ग्रंथपाल म्हणून त्यांच्याकडेच आलं. आयोजक फोनवर म्हणाले, “सर, चालकाची चूक, एवढंच लिहा. मेलेला भांडायला येतो का?” नरसिंगरावांनी तसंच लिहिलं. छापील प्रत नांदेडला त्यांच्या घरी आली, त्या दुपारी त्यांनी कागद ओढला. “बाई, वळणापुढे तेल सांडलं होतं. धोक्याचं पिवळं निशाण दाखवायचं काम माझं. निशाण मांडीखाली होतं, मी पुस्तक वाचत होतो.” म्हातारी आहे की गेली, हे विचारायचं धाडस न करताच त्यांनी पाकीट टपालपेटीत टाकलं.