घरी पाहुणे आहेत

काबाहेंडाबाईंनी पुन्हा एकदा विचारलं, "प्रवास ठीक झाला ना?" आणि नजेंबाने पुन्हा एकदा नुसती मान हलवली.

कंपालाहून निघताना तिच्या आत्याने बजावलं होतं, होणाऱ्या सासूसमोर गुडघे टेकून नमस्कार कर, नजर खाली ठेव आणि मुख्य म्हणजे तोंड बंद ठेव, तुझं तोंड मला ठाऊक आहे. नजेंबा ते तंतोतंत पाळत होती. शेजारी तिचा होणारा नवरा बुसिंगे भाजलेल्या शेंगा फोडत एकदा आईकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. चहाचे कप केव्हाच रिकामे झाले होते. फोर्ट पोर्टलच्या त्या बैठकीच्या खोलीत शेंगा फुटण्याचाच काय तो आवाज.

"आतलं बघून येते," म्हणत बाई उठल्या. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. पाठ अजून ताठ होती. पडदा सारून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

नजेंबाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि पर्समधून घडीचा फोन काढून उघडला. जीव घाबरा झाला की ती 'चार्जर कुणाकडे आहे?' या ग्रुपवर जायची. देशभरातले फोन आणि कॉम्प्युटरचे वेडे तिथे दिवसभर एकमेकांची सालपटं काढत. तिथे तिचं नाव 'फुल चार्ज'. आणि तिचा खास शत्रू 'म्हातारा ४८६'. हा आकडा कुठल्याशा पुराण्या चिपचा. नवं काहीही आलं की हा नाक मुरडणार, आणि एका वाक्यात समोरच्याला आडवा करणार. सगळे त्याला आजोबाच म्हणत.

आज सकाळी आजोबांनी लिहिलं होतं, "दुमडणारा फोन हवाय? रुमाल घ्या. स्वस्त पडतो, वर नाकही पुसता येतं."

नजेंबाची बोटं शिवशिवली. तिने लिहिलं, "आजोबा, तुमचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत आमच्याकडे केळीला घड लागतो."

आत कुठेतरी टिंग वाजलं. तिचं लक्ष नव्हतं. थोड्याच वेळात उत्तर आलं.

"फुल चार्ज, आज घरी पाहुणे आहेत म्हणून वाचलास. मुलाने लग्नाची मुलगी आणलीय. कधीची येऊन बसलीय, तोंडातून शब्द नाही. तुझ्या त्या फोनसारखीच. दिसायला सुरेख, पण उघडेल की नाही देव जाणे."

नजेंबा खुदकन हसली. मग तिने ते पुन्हा वाचलं आणि तिचं हसू ओठांवरच वाळलं. तिने पडद्याकडे बघितलं. आत पळीचा आवाज थांबला होता.

"काय गं?" बुसिंगेने विचारलं.

"तुझी आई फोनवर काय करत असते रे?"

"आई? चर्चमधल्या बायकांना प्रार्थना पाठवते. दिवसभर."

नजेंबाचे कान तापले. उठून पळावं की रडावं, तिला कळेना. आत्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तिने तो बाजूला सारला आणि टाइप केलं, "आजोबा, प्रवासाखेरीज काही विचारलंत का तिला? बटण न दाबताच यंत्र बिघडलंय म्हणायचं, ही तुमची जुनी खोड. आणि चहात साखर कमी होती."

आणि पाठवून दिलं.

आत टिंग वाजलं. मग एक झाकण जमिनीवर पडून गरगरत राहिलं.

पडदा सरकला. बाईंच्या एका हातात पळी होती, दुसऱ्या हातात फोन. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"तू?"

"हो."

"फुल चार्ज म्हणजे मुलगी?"

"आणि आजोबा म्हणजे तुम्ही?"

"कोण आजोबा?" बुसिंगे म्हणाला.

बाईंचे ओठ घट्ट मिटले होते, हनुवटी थरथरत होती. संपलं, नजेंबाच्या मनात आलं. तिने पर्स उचलली. तेवढ्यात बाईंच्या नाकातून फुस्सकन काहीतरी निसटलं, आणि मग त्या अशा हसत सुटल्या की पळीतला शिजलेला घेवडा टपटप खाली सांडला.

"केळीला घड लागतो म्हणे!"

"नाक पुसता येतं म्हणे!" नजेंबाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"सरक रे." मुलाला बाजूला लोटून बाई तिच्याशेजारी बसल्या. "आण तो इकडे." त्यांनी फोन उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "मध्ये चीर पडलीय."

"चीर नाही, घडी आहे ती."

"मग इस्त्री करून घे."

"तुमच्या कॉम्प्युटरवर करते ना. तेवढा तापतोच तो."

"तापतो! माझा तापतो? अगं, तुझी बॅटरी दुपारपर्यंत तरी टिकते का?"

"टिकते! तुमच्याकडे वीज टिकत नाही त्याला मी काय करू?"

बुसिंगे म्हणाला, "अगं, जरा हळू. शेजारचे कुंपणावरून बघतायत."

"तू गप्प बस!" दोघी एकदम म्हणाल्या.

नजेंबा पुन्हा चटईवर गुडघ्यांवर आली होती, पण आता ती टीपॉयवर हात आपटत होती. बाईंनी पळीच उगारली होती.

"तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही!"

"चुकीचं वाक्य पुरं कशाला करायचं? थांब, अकीकी, आधी माझं ऐक..."

बुसिंगेच्या हातातली शेंग तशीच राहिली.

टोरोमध्ये, म्हणजे फोर्ट पोर्टलच्या या मुलखात, अकीकीसारखं लाडाचं नाव घरच्यांनी द्यायचं असतं, आणि घरच्याच माणसाला. कंपालाच्या पोरींना ते नसतं. बुसिंगेच्या थोरल्या वहिनीला ते लग्न होऊन वर्ष उलटल्यावर मिळालं होतं, सगळ्या नातलगांना जेवायला बोलावून. आपण काय बोलून गेलो हे आईला कळलंच नव्हतं. नजेंबालाही नाही.

"मुळीच नाही," ती म्हणत होती, "आधी तुम्ही माझं ऐका."