विषय ठळक अक्षरात

टाकळकर साहेबांचा हात धरून आकांक्षाने त्यांना खुर्चीत बसवलं, पंखा लावला आणि वारा लागतो का ते विचारलं. साहेब भिंतीकडे बघत म्हणाले, लागतो, देव तुझं भलं करो.

दारात उभ्या कडूबा शिपायाचे डोळे भरून आले. त्याचे डोळे भरून यायला एरवी फार काही लागत नसे, पण या वेळी कारण पक्कं होतं. या पोरीच्या बाबतीत साहेबांनी काय केलं होतं, ते तीर्थपुरीच्या त्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी आकांक्षाची आई सगुणाबाई धावड्याला अंथरुणाला खिळली होती. आज जाते की उद्या, अशी गत. आकांक्षाने आठ दिवसांची रजा मागितली. साहेबांनी अर्ज परत केला, समास कमी सोडलाय. दुसरा परत केला, तारीख उजवीकडे हवी. तिसरा परत केला, विषय ठळक अक्षरात नाही. चौथा अर्ज प्रिंटरमधून गरमागरम निघाला आणि धावड्याहून फोन आला. मग मात्र साहेबांनी वेळ घालवला नाही. ‘आईच्या आजारपणामुळे’ खोडून ‘आईच्या निधनामुळे’ एवढी दुरुस्ती करून आण म्हणाले, लगेच सही करतो.

पाचव्या अर्जावर रजा मंजूर झाली.

पुढे गेल्या दिवाळीत साहेबांची नजर गेली. डोळ्यांचे पडदे खराब झाले म्हणे. देवानं बराबर हिशेब केला, असं कडूबा चहाच्या टपरीवर सांगत सुटला. साहेब अवघे बावन्न वर्षांचे, नोकरी अठ्ठावीस वर्षांची. त्यांनी अपंगत्वाच्या कारणावरून निवृत्ती मागितली. ती मिळाली की जन्मभर पेन्शन, आणि नवीन जालन्यात मुलाच्या, निखिलच्या, बियाण्याच्या दुकानात नुसतं बसायचं.

या कामाला त्यांनी आकांक्षालाच निवडलं. तिचं टायपिंग आता सुधारलंय, असं ते चारचौघांत म्हणाले.

आकांक्षाने सगळं निमूट केलं. दवाखान्याचे कागद लावले, फाईल बांधली, दुपारचा चहा पुढ्यात ठेवला. कपाचा कान साहेबांना एका झटक्यात सापडायचा. अठ्ठावीस वर्षांची सवय.

“ताई, तुम्ही त्या माणसाला चहा पाजून राह्यल्या,” कडूबा एकदा न राहवून म्हणाला. “मी असतो तर त्यात काय काय टाकलं असतं, ते सांगत न्हाई.”

“चहानं काय होतंय, मामा,” आकांक्षा म्हणाली आणि तिने ड्रॉवरमधून एक कागद काढून त्याच्या हातात दिला.

कडूबाने ओठ हलवत तो वाचला आणि मटकन स्टुलावर बसला. तो टाकळकर साहेबांचा राजीनामा होता. निवृत्ती वेगळी, राजीनामा वेगळा, एवढं शिपायालाही कळतं. राजीनाम्याने केलेली सगळी नोकरी धुऊन जाते. पेन्शनचं नावच काढायचं नाही.

बेत साधा होता. आकांक्षा निवृत्तीचा अर्ज वाचून दाखवणार आणि सहीला राजीनामा पुढे करणार.

“आंधळ्याला फसवायचं म्हणजे पाप लागंल, ताई.”

“लागू द्या.”

कडूबाने थोडा विचार केला. पापाचं तिचं ती बघून घेईल, पण मग सही इथंच गुपचूप उरकावी, असं त्याला वाटलं. जालन्याला डोळे तपासणाऱ्या मेडिकल बोर्डापुढे, डॉक्टरच्या नाकासमोर असली उठाठेव कशाला? आकांक्षा म्हणाली, सही बोर्डापुढेच लागते, नियम आहे. आणि हा ‘राजीनामा’ शब्द पाटीवर लिहिल्यासारखा एवढा मोठा कशाला, डॉक्टरला लांबून दिसंल ना, असं त्याने विचारलं.

“विषय ठळक लागतो,” ती म्हणाली. “साहेबांचीच शिकवण आहे.”

कडूबाने हात टेकले. सुडाने पोरीचं डोकं फिरलं, एवढंच त्याला समजलं.

बोर्डाचा दिवस उजाडला. टेबलापलीकडे डॉक्टर, अलीकडे काळा चष्मा लावलेले साहेब, शेजारी आकांक्षा, आणि दाराशी साहेबांची काठी छातीशी धरून कडूबा, मनातल्या मनात मारुतीला नवस बोलत. आधी अर्जावर समोर सही, मग तपासणी, असं डॉक्टरांनी सांगितलं. अर्जदाराला दिसत नसल्याने मजकूर मोठ्याने वाचावा.

आकांक्षाने कागद लावलेलं पॅड साहेबांच्या मांडीवर ठेवलं, त्यांच्याकडे वाकून उभी राहिली आणि वाचू लागली. दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेल्यामुळे मी शासकीय काम करण्यास असमर्थ आहे, तरी मला सेवेतून निवृत्त करावे. एका शब्दावरही अडखळली नाही. त्यातला एकही शब्द कागदावर नव्हता.



“ऐकलंत ना?” डॉक्टरांनी विचारलं. “मान्य आहे?”

 साहेब म्हणाले, मान्य आहे.

आकांक्षाने त्यांच्या बोटांत पेन दिलं, हात धरून सहीच्या जागेवर आणला आणि सोडला. कडूबाने डोळे गच्च मिटले. पेनचं टोक कागदाला टेकलं, तिथंच थांबलं, शाईचा एक ठिपका उमटला.

“करा ना सही,” डॉक्टर म्हणाले. “काय अडचण आहे?”

 साहेबांनी पेन खाली ठेवलं, पॅड उचललं आणि डॉक्टरांपुढे धरलं.

“डॉक्टर, ही मला फसवून राह्यली. बघा, इथं राजीनामा लिहिलाय.”