उलटा किमोनो

दरवर्षीसारखी आम्ही मैत्रिणींनी सकाळपासून डोंगरावरची देवळं पालथी घातली. यंदा आम्ही तिघीच होतो आणि दर देवळाच्या दारात कोणीतरी हटकत होतं, "अहो, किमोनोची डावी बाजू वर घ्या! उजवी वर फक्त मेलेल्यांना नेसवताना घेतात."

"माहीत आहे," म्हणून मुत्सुए पुढे चालू लागायची.

संध्याकाळी बॉनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, नाचाला उभ्या राहिलो, तर मंडळाचे कुरिहारा काका रिंगणात शिरून ओरडले, "पितर घरी येतात त्या दिवशी हे असलं अभद्र? आधी नीट नेसा, मग नाचा!"

"नाही नेसणार! तोयोमी गेली तेव्हा तिला असाच नेसवलात ना?" मी म्हणाले.



मी किमोनोची उजवी बाजू वर नीट सारखी केली. "आज ती नाचायला येईल, तेव्हा चौघींत ती एकटीच वेगळी दिसणार नाही!"