धुळं वर, सुरत खाली

"सुरत खाली घे. धुळं वर," मंगलाबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं आणि मांडीवरच्या साडीचा लोंबता धागा कच्चकन कापला.

धनश्रीने लॅपटॉपवरून मान वर केली. "आजी, घराजवळचं कॉलेज मिळावं म्हणून लोक नवस बोलतात. इथून बसने अर्धा तास!"

"बसमध्ये उलट्या होतात तुला."

"पाचवीत होत होत्या!"

मेडिकल कॉलेजांच्या पसंतीची यादी पाच वाजेपर्यंत लॉक करायची होती. मार्क असे झकास पडले होते की पहिलं जे नाव लिहील तेच मिळणार, असं क्लासच्या सरांनी छातीठोक सांगितलं होतं. त्यामुळे सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून पेढे वाटणं आणि वाद घालणं एकदमच चाललं होतं.

धनश्रीला सुरतच हवं होतं, आणि तेही आजीपायीच. आईबाप कामावर, म्हणून ती वाढली आजीच्या साड्यांच्या ढिगाशेजारी. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे घरी यायचे, मंगलाबाई त्यांचे सुटे धागे कापत बसायच्या आणि नात शेजारी मोठ्याने वाचायची. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईला हृदयाचे कप्पे, फुप्फुसाचे भाग, पाठीचे मणके सगळं तोंडपाठ झालं होतं. नात शाळेच्या सहलीला दोन दिवस गेली, तर ही दोन दिवस धड जेवली नव्हती. आणि आता तीच म्हणत होती, साडेपाच वर्षं धुळ्याला जा.

"तिथलं पाणी चांगलं," मंगलाबाई म्हणाल्या.

"आजी, मी पाणी प्यायला चाललेय का?"

"आणि इथे घरी राहून अभ्यास होत नाही. पाहुणे येतात."

"त्याच पाहुण्यांत बसून एवढे मार्क आणले ना!"

धनश्रीचे पप्पा, योगेंद्र, मिलमधून सुट्टी टाकून खास पेढे खायला घरी थांबल्यासारखे बसले होते. चौथा पेढा तोंडात टाकत ते म्हणाले, "माय, आडून आडून कशाला? तुला गावी जाऊन राहायचंय, सरळ सांग ना. पोरगी धुळ्याला, तू गावात, आणि दर रविवारी भरीत-भाकरीचा डबा घेऊन हॉस्टेलच्या दारात."

"तसंच समज."

"बघ, सुषमा! मी म्हणालो नव्हतो? चाळीस वर्षं सुरतेत काढली तरी आपल्या माणसाचा जीव गावातच. आबा गेले तेव्हा त्यांना नाही का आपण गाडी करून गावी नेलं? मायचंही तेच मनात असणार. पांझरा नदीच्या काठी, आबांच्या शेजारी..."

"अहो, पेढा खाताना काय बोलता!" धनश्रीच्या आईने, सुषमाने, त्यांच्या हातातला पुडाच काढून घेतला.

"माझं मी बघीन," मंगलाबाई हसून म्हणाल्या. मग नातीकडे वळल्या. "पहिल्या वर्षाला काय असतं गं तुमचं?"

"शरीर. हाडं, स्नायू, नसा."

"मग पहिलं वर्ष तेवढं धुळ्याला काढ. मग घे बदली इकडे."

"एसटीचा डेपो आहे का तो? जिथे लागलं तिथेच सगळी वर्षं."

"तर मग धुळंच."

साडेचार झाले. यादीत सुरत अजून वरच होतं. धनश्री उठली, आजीशेजारी फरशीवर बसली आणि तिच्या हातातली छोटी कात्री काढून बाजूला ठेवली.

"मी गेल्यावर तुला करमेल?"

"नाही करमणार."

"मग कशाला पाठवतेस? मला तुझ्याजवळ राहायचंय, आजी. हट्ट काय फक्त तूच करायचा?"

मनातलं बोलायचं झालं की मंगलाबाई अहिराणीवर यायच्या. नातीच्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, आजपावत तुले काही मांगं का मी? हाई एकच मांगस."

धनश्रीने आठवून पाहिलं. खरंच, या बाईने कधी कुणाकडे साधा पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नव्हता. ती उठली. धुळं वर घेतलं, सुरत खाली ढकललं आणि डोळे मिटून बटण दाबलं.

"झालं लॉक!"

सुषमाने पोरीला मिठी मारली. योगेंद्रने पुडा परत मिळवला आणि गावी फोन लावून "डॉक्टरीण येतेय तुमच्याकडे!" असं इतक्या मोठ्याने सांगितलं की शेजारच्या उषाबाई दारात आल्या. मंगलाबाई हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. मग गुडघ्यावर हात रेटून उठल्या, आणि देव्हाऱ्यामागून घडी घातलेला एक कागद काढून लेकापुढे धरला.

"आता यावर तुझी सही कर. मुलाची लागते म्हणाले. पोरीचं नक्की होईपर्यंत मी थांबले होते."

"कसला फॉर्म?"

"कॉलेजचाच. पोरीने भरला, मीही भरला."

सगळे खदखदून हसले. योगेंद्रने खिशातून पेन काढलं, पण फॉर्म गुजरातीत होता. ते शिकले मराठी शाळेत. गुजराती फर्डी बोलायचे, वाचताना मात्र अडखळायचे. त्यांनी कागद लेकीकडे दिला. "वाच गं जरा. बघू तरी, आजी कुठे ॲडमिशन घेतेय."

धनश्रीही हसत हसतच वाचू लागली. वर सुरतच्या मेडिकल कॉलेजचं नाव होतं, खाली आजीचा अंगठा. मधल्या ओळीपाशी तिचा आवाज बारीक झाला.

"माझ्या मृत्यूनंतर माझा देह पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी या कॉलेजला द्यावा."