ऐंशीच्या पुढचा आवाज

हामोंगा सरांनी गाडी मुटिंटाच्या गॅरेजच्या दारात उभी केली, डिकी उघडली आणि पोत्यात गुंडाळलेलं, दुसऱ्या गाडीचं काढून आणलेलं डिफरन्शियल दाखवलं, मागची चाकं फिरवणारी दातेरी चाकांची पेटी. ही सेकंडहँड गाडी घेतल्यापासून काटा ऐंशीच्या पुढे गेला की मागून असा आवाज येतो, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. लुसाकातल्या दोन मेकॅनिकांनी डिफरन्शियल गेल्याचं सांगितलं होतं. उद्या पहाटे दोन्ही नातवंडांना घेऊन लिव्हिंगस्टोन गाठायचं होतं, तीनशे किलोमीटर.

"मुटिंटा, तू फक्त हे बसवून दे," सर म्हणाले. सातवीत तिला गणित शिकवताना असायचा, तोच हुकमी स्वर.

मुटिंटाने पोत्याकडे पाहिलंही नाही. तिने किल्ली मागितली.

सर तिच्या शेजारी बसले. त्यांची बायको ॲस्ट्रिडा बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसलीच होती. मोंझे गाव मागे पडलं, मक्याची शेतं लागली, आणि ऐंशीवर गाडीच्या बुडातून घरघर उठली. सर त्या घरघरीवर आवाज चढवून सांगू लागले, दात कसे झिजतात, मग तेल कसं जळतं.

"सर, आता जरा गप्प बसा."

चाळीस वर्षांत त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं. ते गप्प बसले.

मुटिंटाने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. आवाज तसाच. गिअर काढून गाडी नुसती पळू दिली. तरी तसाच. डिफरन्शियल बिघडलेलं असतं तर सूर बदलला असता. मग रस्ता मोकळा बघून तिने गाडी जराशी डावीकडे घेतली. भार उजव्या चाकांवर आला आणि घरघर दुप्पट झाली. उजवीकडे घेतली, तशी निवळली. तिने पुन्हा एकदा करून पाहिलं. मग गाडी वळवली आणि चाळीसच्या वर न जाता परत आणली.

"मागचं उजवं बेअरिंग," ती उतरता उतरता म्हणाली. "डिफरन्शियल ठणठणीत आहे तुमचं."

सरांना पटेना. दोघं जाणते लोक चुकतील कसे, असं ते म्हणत राहिले. मुटिंटाने वाद घातला नाही. जॅक लावला, चाक उतरवलं, ॲक्सल बाहेर ओढला आणि त्यावरचं बेअरिंग सरांना स्वतःच्या हाताने फिरवायला लावलं. ग्रीस जळून काळं पडलं होतं, गोळ्यांचे टवके उडाले होते. भातात खडा लागावा तसं ते बोटांना लागलं. सरांनी दोनदा फिरवलं, मग सोडून दिलं.

"उद्या तसेच निघालो असतो तर?"

"चाक तुमच्या आधी पोहोचलं असतं, सर."

नवं बेअरिंग मिळवून, दाबून बसवेपर्यंत ऊन कललं. तिघं पुन्हा रस्त्याला लागले. ऐंशी. नव्वद. शंभर. खिडकीच्या फटीतून येणारा वारा तेवढा ऐकू येत होता. आणि मागून आणखी काहीतरी. ॲस्ट्रिडा गात होती, चर्चमधलं टोंगा भाषेतलं गाणं, बारीक पण सुरेल आवाजात.

सर मान वळवून बघत राहिले. "तू गाडीत केव्हापासून गातेस?"

"गाडी घेतली तेव्हापासून," ती म्हणाली, आणि पुढचं कडवं धरलं.