छातीवरचा बिल्ला

सन चौपन्न साली युरेनियम शोधणाऱ्या सर्वेच्या साहेबांनी चामोर्शीकडच्या जंगलात तंबू ठोकले आणि गड्यांना रोज सकाळी तालीम दिली: शिशाच्या पेटीतली रेडियमची कांडी कधी बाहेर पडली, तर बाकीच्यांनी दूर पळायचं आणि बिल्लेवाल्यानं ती चिमट्यानं उचलून पेटीत घालायची. आत फिल्मची चकती असलेला बिल्ला एकच होता. तळ्यातले मासे हातानं धरणाऱ्या इस्तारीच्या बंडीला साहेबांनी तो स्वतः लावला. म्हणाले, "हा असल्यावर तुला कसली काळजी?" त्याच दिवशी इस्तारीनं मायनं बांधलेला ताईत गळ्यातून काढून खुंटीला टांगला. एका अंगाला दोन राखणदार कशाला?

पुढे एकदा बैलगाडी उलटली, पेटी फुटली आणि कांडी धानाच्या बांधीत पडली. सगळे पळाले, साहेबसुद्धा. चिमटा गाडीखाली अडकला होता. बिल्ल्यावर हात ठेवून इस्तारी चिखलात उतरला. मासे धरणारा हात तो; कांडी सापडायला वेळ लागला नाही.

महिन्यानं बिल्ल्यातली फिल्म मुंबईहून धुऊन आली. काळी ठिक्कर. फोड आलेल्या बोटांनी ती उजेडात धरून इस्तारी हसला. "पाहा साहेब, समदं त्यानं आपल्या आंगावर घेतलं. मले काई होऊ देल्लं नाई."

साहेबांनी मान वर केली नाही. "बिल्ला काही अडवत नाही, इस्तारी. किती लागलं, तेवढं सांगतो."

"कोणाले सांगते?"

"आम्हाला."